व्ही. पी. ते ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ : दारात मोजलेल्या पैशांचा अर्थ

१

मोबाइलच्या वा संगणकाच्या पडद्यावर मागणी नोंदवावयाची, परंतु किंमत कार्डाने आगाऊ न भरता माल दारी आल्यावर रोख मोजावयाची, ही खरेदीची पद्धत गेल्या दीड दशकात भारतभर रूढ झाली. ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ हे तिचे इंग्रजी नाव जसेच्या तसे सर्व भारतीय भाषांत शिरले आहे. या पद्धतीविषयी सामान्यतः दोन मते मांडली जातात. पहिले असे की, ग्राहकाच्या अप्रगतपणाचे ते लक्षण आहे आणि कार्ड वापरण्याची सवय झाली की ते आपोआप नाहीसे होईल. दुसरे असे की, ही पद्धत म्हणजे २०१० च्या सुमारास एका भारतीय कंपनीने लावलेला अभिनव शोध होय. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे आहे की, ही दोन्ही मते अपुरी आहेत. परस्परांना न ओळखणाऱ्या आणि परस्परांपासून दूर असणाऱ्या दोन व्यक्तींमध्ये व्यवहार होताना आधी विश्वास कोणी टाकावयाचा, या प्रश्नाचे हे एक उत्तर आहे. हे उत्तर भारतीय टपाल खात्याने १८७७ सालीच देऊन ठेवले होते.

भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांनी या आर्थिक विषयाकडे का वळावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे समाधान पुढील विवेचनात होईलच. येथे एवढेच नमूद करतो की, आधुनिक भारतीय भाषांतील ग्रंथ आणि नियतकालिके वाचकापर्यंत ज्या वाटेने पोहोचली, त्या वाटेवरील हा एक महत्त्वाचा टप्पा आहे. छापखान्याचा इतिहास आपण बराच लिहिला. पैशाचा आणि पार्सलाचा इतिहास मात्र त्या मानाने उपेक्षित राहिला.

२

प्रथम अलीकडचा काळ पाहू. २००७ साली बंगळूर येथे सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल यांनी फ्लिपकार्ट ही कंपनी स्थापन केली. आरंभी ती केवळ पुस्तके विकीत असे, ही गोष्ट आपल्या दृष्टीने लक्षणीय आहे. पुस्तक ही वस्तू अशा विक्रीला सोयीची असते. तिचे नाव, लेखक व आवृत्ती सांगितली की वस्तू निश्चित होते. ती नासत नाही. तिचे माप घ्यावे लागत नाही. अडचण पुस्तकाची नव्हती, पैशांची होती.

त्या काळी भारतात बँकेशी संबंध असणे हीच सार्वत्रिक गोष्ट नव्हती. २०११ च्या जनगणनेनुसार बँकेच्या सेवेचा लाभ घेणारी कुटुंबे ५८.७ टक्के होती. क्रेडिट कार्ड बाळगणारे त्याहून पुष्कळच कमी. ज्यांच्याजवळ कार्ड होते त्यांचाही मार्ग सरळ नव्हता. भारतीय रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून कार्डाने दुरून केलेल्या भरण्यासाठी ओळखीची आणखी एक खूण, म्हणजे वेगळा परवलीचा शब्द, सक्तीची केली. फसवणुकीपासून संरक्षण म्हणून हा नियम योग्यच होता. परंतु मंद गतीच्या जोडणीवर ही जादा पायरी पार होण्याआधीच व्यवहार तुटे. कित्येकदा खात्यातून रक्कम वजा होई आणि मागणी मात्र नोंदली जात नसे. पैसे गेले आहेत, वस्तू येणार की नाही ते ठाऊक नाही, आणि दाद कोणाकडे मागावी तेही समजत नाही, अशा स्थितीत सापडलेला ग्राहक दुसऱ्यांदा कार्ड वापरण्यास कचरला तर त्यास अडाणी म्हणता येणार नाही.

२०१० मध्ये फ्लिपकार्टने माल मिळाल्यावर रोख पैसे घेण्याची सोय सुरू केली आणि पाहता पाहता ती या व्यापाराची जणू अटच होऊन बसली. नव्याने आलेल्या परदेशी कंपन्यांनाही ती स्वीकारावी लागली. हे घडले याचे कारण ग्राहकाची नोटांवरील माया हे नव्हे. आगाऊ भरण्यात संशयाचे सारे ओझे ग्राहकावर पडत होते. ते या सोयीने विक्रेत्याच्या खांद्यावर गेले. कार्ड की रोकड, हा येथे खरा प्रश्न नाही. आधी कोणी द्यावयाचे, हा खरा प्रश्न आहे.

३

आता मागे वळू. भारतात १८५४ मध्ये टपालाचा दर अंतराच्या हिशेबातून मुक्त झाला. अर्ध्या आण्याच्या तिकिटावर पत्र देशात कोठेही जाऊ लागले. १८७७ मध्ये ‘व्हॅल्यू पेएबल पोस्ट’ ही पद्धत आली. १८७९ मध्ये पाव आण्याचे कार्ड आले. १८८० मध्ये मनीऑर्डरचे काम सरकारी तिजोऱ्यांकडून टपाल खात्याकडे आले. केवळ सव्वीस वर्षांच्या अवधीतील या चार घटना एकत्र वाचल्या पाहिजेत. पाव आण्याच्या कार्डावर मागणी जाई, व्ही. पी. ने माल येई, आणि पोस्टमनने घेतलेली रक्कम मनीऑर्डरने विक्रेत्याकडे परत जाई. अशा रीतीने एक वर्तुळ पूर्ण झाले, आणि खात्यावर पैसे नसलेला, किंबहुना खातेच नसलेला मनुष्यही दूरच्या शहरातील दुकानाचा ग्राहक होऊ शकला.

ही व्यवस्था साम्राज्याच्या केंद्रातून येथे आयात झाली असावी, असा समज होणे शक्य आहे. वस्तुस्थिती उलट आहे. ब्रिटनमधील अंतर्गत टपालात अशी सोय १९२६ साली आली, म्हणजे भारतानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने. अमेरिकेत ती पार्सल टपालास जोडून १९१३ मध्ये सुरू झाली. मोठ्या अंतराच्या, विरळ दुकानांच्या आणि त्याहून विरळ बँकांच्या देशाला तिची गरज आधी भासली, हे त्याचे उघड कारण होय.

१८९८ च्या टपाल कायद्यात या पद्धतीचे तत्त्व फार स्पष्टपणे मांडलेले होते. कलम ३४ नुसार, माल ज्याच्या नावे पाठविला त्याच्याकडून रक्कम प्रत्यक्ष हाती येईपर्यंत त्या रकमेची कोणतीही जबाबदारी खात्यावर येत नसे. कलम ३५ खालील नियमांत दोन्ही बाजूंचे रक्षण करण्याची तरतूद होती. एकीकडे, आपल्याकडे खरोखर मागणी आली असून तिच्याच पूर्ततेसाठी हा माल पाठवीत आहोत, असे प्रतिज्ञापन पाठविणाऱ्याकडून घेता येई. न मागितलेला माल लोकांच्या गळ्यात मारण्यास त्यामुळे आळा बसे. दुसरीकडे, फसवणूक झाल्यास वसूल केलेली रक्कम रोखून ती ग्राहकास परत करता येई. हा कायदा २०२३ च्या नव्या टपाल कायद्याने रद्द केला आणि नवा कायदा १८ जून २०२४ पासून अमलात आला. तथापि सव्वाशे वर्षे भारतीय ग्राहकाच्या सवयी ज्या चौकटीत घडल्या ती चौकट हीच होय.

येथे एक मर्यादा ध्यानात घ्यावयास हवी. व्ही. पी. चे पाकीट पैसे दिल्यावाचून उघडता येत नसे. आजचे रोखीचे पार्सलही बहुधा मोजल्यावरच फोडता येते. म्हणजे ग्राहक पैसे देतो ते वस्तू तपासून नव्हे. ‘काहीतरी आले आहे’ एवढीच खात्री त्याला मिळते. आत मागितलेलेच पुस्तक आहे की नाही, त्याची पाने पुरी आहेत की नाहीत, याची हमी वेष्टन देत नाही. विश्वासाची गरज या पद्धतीने संपविली नाही. तिने ती थोडी कमी केली आणि दाराशी उभ्या असलेल्या एका माणसावर आणून ठेवली.

४

व्यवहाराची समज भाषेत कशी उतरते हे पाहणे आपल्या अभ्यासविषयाच्या अधिक जवळचे आहे. मराठीत व्ही. पी. ‘येते’, ती ‘सोडवून घेतात’, आणि न घेतल्यास ती ‘परत जाते’. हिंदीत हीच क्रिया ‘वी. पी. छुड़ाना’ अशी आहे. दोन्ही भाषांत हे क्रियापद गहाणाशी निगडित आहे. दागिना सोडवितात, रेल्वेतून आलेला माल सोडवितात. ‘विकत घेणे’ हे सरळ क्रियापद हाताशी असताना बोलणाऱ्यांनी ‘सोडविणे’ का पत्करले असावे? मागणी पाठविताच वस्तू मनाने आपली झालेली असते. टपाल कचेरीत ती अडकून पडली आहे, आणि पैसे भरून तिची सुटका करावयाची आहे, अशी ही कल्पना आहे. नव्या ‘डिलिव्हरी’ या शब्दाच्या मुळातही मुक्ततेचा अर्थ आहे. परंतु आजच्या वापरात तो कोणाच्या ध्यानी येत नाही. ‘सोडविणे’ मध्ये तो जागा होता.

जुन्या जाहिरातींतील दुसरे एक वाक्य तुलनेसाठी घेण्याजोगे आहे. मराठीत ‘टपालहंशील निराळे’, हिंदीत ‘डाक महसूल अलग’, बंगालीत ‘डाकमाशुल स्वतंत्र’. तिन्ही वाक्यांची घडण एकच आहे. ‘हंशील’ हा अरबी ‘हासिल’ चा मराठी अवतार. ‘महसूल’ आणि ‘माशुल’ हे ‘महसूल’ याच अरबी शब्दाचे दोन अवतार. आणि ‘हासिल’ व ‘महसूल’ एकाच धातूपासून झालेले. इंग्रजी राज्याच्या टपालाला भारतीय भाषांनी जुन्या महसुली परिभाषेतून नाव दिले, आणि ते तिघींनी जवळजवळ सारखेच दिले. साहित्यप्रकारांची देवघेव आपण तपासतो; जाहिरातीच्या तळटीपेतील ही देवघेवही तितकीच बोलकी आहे.

‘रोख’ आणि ‘रोकड’ या शब्दांचा पसाराही असाच मोठा आहे. गुजराती व हिंदीत ‘रोकड’, कन्नडमध्ये ‘रोक्क’, तेलुगूत ‘रोक्कम्’, तमिळमध्ये ‘रोक्कम्’. उत्तर कर्नाटकातील बोलीत तर ‘रोक्क’ म्हणजे सरळ पैसाच. भाषाकुलांची सीमा ओलांडून एकच शब्द बाजारातून हिंडला आहे. आर्य आणि द्रविड भाषांच्या सहजीवनाची उदाहरणे आपण बहुधा व्याकरणात वा भक्तिसाहित्यात शोधतो. दुकानाची खतावणीही त्यासाठी चाळण्याजोगी आहे.

५

‘रोख’ चे विरुद्ध पद ‘उधार’. ‘उधारीचे पोते, सव्वा हात रिते’ असे मराठीत म्हणतात. हिंदीत ‘नौ नगद, न तेरह उधार’. हिंदी म्हणीत विक्रेता बोलतो. तेरा बुडण्यापेक्षा नऊ हाती आलेले बरे, हा त्याचा हिशेब. मराठी म्हण ग्राहकाला बजावते की, उधारीने घेतलेले माप भरणार नाही. दोन्ही म्हणींत माणसे समोरासमोर आहेत. समोरासमोरच्या खरेदीत रोख म्हणजे दोन्ही हातांचा एकाच क्षणी होणारा व्यवहार. १९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम ३२ हेच सांगते : वेगळा करार नसेल तर माल देणे आणि किंमत देणे या परस्परांशी एकाच वेळी बांधलेल्या गोष्टी होत.

अंतर मध्ये आले की हा एकच क्षण फाटतो. माल निघण्याची वेळ आणि तो पोहोचण्याची वेळ यांत दिवस जातात. आगाऊ पैसे भरले तर त्या दिवसांपुरता ग्राहक हा विक्रेत्याचा धनको होतो. व्ही. पी. ने वा ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ ने मागविले तर विक्रेता ग्राहकाचा धनको होतो. म्हणून ज्याला आपण रोखीचा व्यवहार म्हणतो तो ग्राहकाच्या दारात रोखीचा असला, तरी विक्रेत्याच्या वहीत तेवढ्या दिवसांची उधारीच असतो. या वाटेतल्या उधारीवर व्याज नसते, तारण म्हणून फक्त माल असतो, आणि ग्राहकाने दार लावून घेतले की माल तेवढा परत येतो. जाण्यायेण्याचा खर्च बुडतो.

भारतीय नियतकालिकांच्या संपादकांना हा हिशेब तोंडपाठ होता. वर्गणी संपली की पुढील वर्षाचा पहिला अंक व्ही. पी. ने पाठवावयाचा आणि त्यातूनच वर्गणी वसूल करावयाची, ही अनेक भाषांत रुळलेली रीत होती. १९२६ मध्ये निघालेल्या ‘कल्याण’ या हिंदी मासिकाच्या निवेदनांत, ज्यांना ग्राहक राहावयाचे नसेल त्यांनी आधी कार्ड टाकून कळवावे आणि व्ही. पी. परत करून कार्यालयाचे व्यर्थ नुकसान करू नये, अशा आशयाची विनंती वाचावयास मिळते. मराठी मासिकांच्या चालकांची तक्रारही याहून निराळी नसे. मोठ्या संस्थेला परत आलेल्या व्ही. पी. चा भार सोसतो. ज्या मासिकाचे सारे भांडवल वर्गणीचे असते, त्याच्या दृष्टीने परत आलेल्या अंकांचा गठ्ठा म्हणजे पुढच्या अंकाचा कागदच गेला. नियतकालिके बंद का पडली याची वाङ्मयीन कारणे देताना या गठ्ठ्याकडे आपण पुरेसे पाहिलेले नाही.

आजच्या लहान प्रकाशकाची अडचण याच वंशातली आहे. त्याने रोखीची सोय ठेवली तर परत येणारी पार्सले त्याला झेपत नाहीत. न ठेवली तर एक वाचकवर्ग तुटतो. काही विक्रेते या सोयीसाठी वेगळा आकार लावतात, तर काही थोडी रक्कम आगाऊ घेतात. जुन्या सूचीपत्रांतील, किमतीचा काही भाग मागणीसोबत पाठवावा, ही अटच येथे नव्या वेषात अवतरली आहे.

६

तुटणारा हा वाचकवर्ग कोणता? प्रश्नाचे गांभीर्य येथे आहे. ज्या स्त्रीच्या हाती घरखर्चाचे पैसे असतात पण जिच्या नावे खाते वा कार्ड नसते, ती दारात पैसे मोजून पुस्तक घेऊ शकते. कार्डावाचून तिला दुसऱ्याच्या कार्डाची, म्हणजे बहुधा दुसऱ्याच्या संमतीची, गरज पडते. जो विद्यार्थी साठविलेल्या नोटांतून एखादा कोश मागवितो, त्याचीही गोष्ट तीच. तिसरा वर्ग भाषिक प्रदेशाबाहेरच्या वाचकांचा. इंदूर, ग्वाल्हेर वा बडोदे येथील मराठी वाचकाला, दिल्लीतील तमिळ वाचकाला, मुंबईतील बंगाली वाचकाला आपल्या भाषेचे पुस्तक दूरच्या शहरातूनच आणवावे लागते, आणि तेथील विक्रेत्याची पत पारखण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. ‘बृहन्महाराष्ट्र’ ही कल्पना आपण संमेलने आणि मंडळे यांच्या संदर्भात वापरतो. तिची शिवण टपालाच्या दोऱ्याचीही होती, हे विसरता कामा नये.

साहित्येतिहासकाराला यातून एक साधन मिळते आणि एक सावधगिरीही. ग्रंथविक्रेत्यांची सूचीपत्रे, मुखपृष्ठाच्या आतील सूचना, वर्गणीच्या अटी हे सारे वाचकवर्गाचे पुरावे आहेत. परंतु पाठविलेली प्रत म्हणजे घेतलेली प्रत नव्हे, आणि घेतलेली म्हणजे वाचलेली नव्हे. परत आलेल्या व्ही. पी. चा पुरावा यांहून वेगळा आहे. ज्याने मागणी करण्याइतकी उत्सुकता दाखविली आणि दारात आल्यावर हात आखडला, असा वाचक तेथे दिसतो. पैसे नव्हते, की मन बदलले, की घरातील वडीलधाऱ्यांनी नाकारले? प्रत्येक उत्तर निराळ्या सामाजिक इतिहासाकडे नेते.

७

गेल्या दशकात चित्र पुन्हा बदलले. २०१४ मध्ये सुरू झालेल्या जनधन योजनेने बँक खाती वाढविली. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीने पाचशे व हजाराच्या नोटा, म्हणजे चलनातील मूल्याचा सुमारे ८६ टक्के भाग, रद्द झाला आणि दारात मोजावयास नोटच उरली नाही. काही कंपन्यांना नव्या मागण्यांसाठी ही सोय काही काळ थांबवावी लागली. त्याच वर्षी यूपीआय आले. आज पार्सल घेऊन आलेल्या माणसाच्या हातातील चौकटीची खूण मोबाइलने टिपून पैसे देणारे पुष्कळ आहेत. व्यवहाराचे नाव ‘कॅश’ चे, पण त्यात कॅश नाही. असे असूनही ग्राहक पैसे माल आल्यावरच देतो. आरंभी मांडलेल्या मुद्द्याचा याहून चांगला पुरावा नाही. टिकले ते नाणे नव्हे, क्रम टिकला.

रोखीने खरेदी केल्यास आपला माग राहत नाही, असाही एक समज आहे. तो दूरच्या खरेदीपुरता चुकीचा आहे. बँकेच्या कागदावर नोंद राहत नाही हे खरे. परंतु नाव, पत्ता, पुस्तकाचे शीर्षक, घेतले की परत केले, ही सर्व माहिती विक्रेत्याच्या संगणकात साठते. दुकानात उभे राहून नोट देऊन घेतलेल्या पुस्तकाचा अनामिकपणा दारात घेतलेल्या पुस्तकाला नाही.

अभ्यासकाच्या दृष्टीने याचा परिणाम विचित्र आहे. टपाल खाते व्ही. पी. चे वार्षिक आकडे अहवालात छापीत असे. एकेका वाचकाची नोंद नसली तरी एकूण प्रवाह सर्वांना दिसे. आज एकेका वाचकाची नोंद आहे, पण ती खाजगी मालकीची आहे, आणि मराठी वा ओडिया पुस्तके कोणत्या गावांत मागविली गेली, किती दारांतून परत गेली, हे साहित्याच्या अभ्यासकास विचारण्याची सोय नाही. भारतीय भाषांच्या वाचकवर्गाचा यापुढील इतिहास लिहावयाचा असेल तर विद्यापीठांनी आणि प्रकाशकांच्या संघटनांनी या नोंदींचा, व्यक्तीची ओळख वगळून, अभ्यासासाठी आग्रह आताच धरावयास हवा. लहान प्रकाशकांपाशी अशा नोंदी वह्यांत वा साध्या यादीत असतात; त्या रद्दीत जाण्यापूर्वी मागून घेण्याचे काम कोणत्याही भाषाविभागाला उद्या सकाळी सुरू करता येईल.